आधी थांबायचं, मग उतरायचं

हवाई कसरतींच्या शेवटी हॅरियर विमान प्रेक्षकांसमोर अधांतरी थांबतं, नाक खाली करून चक्क नमस्कार करतं आणि टाळ्या घेऊन निघून जातं. टाळ्यांबद्दल तक्रार नाही, पण या विमानाची खरी करामत त्या नमस्कारात नाही. ती बघायची तर विमान जमिनीवर, इंजिन थंड आणि आपल्यापाशी भरपूर वेळ असा योग लागतो. तशी सोय गोव्यात आहे. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ पासून नौदलाचं हवाई संग्रहालय आहे आणि तिथल्या आवारात भारतीय नौदलाचं सी हॅरियर, म्हणजे हॅरियरचीच नौदल आवृत्ती, ठेवलेलं आहे. मराठी पर्यटक बहुधा कुंपणापलीकडची विमानं गाडीतूनच बघतो आणि समुद्राकडे सुटतो. त्याने तासभर इथे द्यावा, म्हणून हा प्रपंच.

पहिल्या नजरेत विमान फारसं देखणं वाटत नाही. पंख आखूड, तेही खांद्यातून खाली पडलेले. दोन्ही बाजूंना हवा आत ओढणारी भलीमोठी तोंडं. पोटाखाली चाकं एकामागे एक, आणि पंखांच्या टोकांना काटक्यांसारखे दोन पाय. मिराज किंवा सुखोई पाहताना वेगाची जी रेघ डोळ्यांत भरते, ती इथे नाही. पण यातला प्रत्येक बेढब अवयव का तसा आहे हे कळत गेलं की एकेका रेघेमागचा विचार दिसू लागतो. मग ती रेघ दुसरीकडे असायला हवी होती असं म्हणायची छाती होत नाही.

सुरुवात सी हॅरियरपासून न करता त्याच आवारातल्या सी हॉकपासून करावी. हे आधीच्या पिढीचं विमान. भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या तुकडीने, म्हणजे 'व्हाइट टायगर्स'नी, आधी सी हॉक आणि मग सी हॅरियर उडवलं. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून चितगाव आणि कॉक्स बझारवर गेलेली विमानं हीच. सी हॉकच्या शेपटाकडे जाऊन मागून बघा. जेट विमानाला शेवटी एक भोक असतं, तिथून झोत बाहेर पडतो अशी आपली समजूत. इथे ते भोक नाही. इंजिनाचा झोत आतच दोन फाट्यांत विभागला आहे आणि पंखांच्या मुळाशी, डाव्या-उजव्या बाजूंनी बाहेर काढला आहे. नळी आखूड झाली, मागच्या धडात इंधनाला जागा मिळाली, एवढाच त्या वेळचा हेतू.

आता दोन्हींमधला धागा. सी हॉक आणि हॅरियर, दोन्ही सिडनी कॅम यांच्या हॉकर कंपनीतली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथे राल्फ हूपर नावाचा अभियंता उभ्या उड्डाणाच्या विमानाची रेखाटनं करत होता. मूळ कल्पना मिशेल विबो या फ्रेंच विमान-रचनाकाराची: इंजिनाची हवा फिरत्या तोंडांतून काढायची, तोंड मागे वळवलं की विमान पुढे जाईल, खाली वळवलं की वर उचललं जाईल. ब्रिस्टल कंपनीत स्टॅन्ली हूकर आणि गॉर्डन लुईस यांनी त्यावरून इंजिनाचा आराखडा केला. पण त्यात फिरती तोंडं फक्त पुढच्या बाजूला होती. मागचा गरम झोत सरळ मागेच जायचा. मग उचलणारा जोर सगळा पुढे येणार, आणि विमान तोललं कसं जाणार? हूपरने घरातलंच उत्तर उचललं. सी हॉकसारखा मागचा झोत दुभंगायचा आणि दोन्ही बाजूंच्या तोंडांना फिरता सांधा द्यायचा. पुढे दोन, मागे दोन, अशी चार तोंडं विमानाच्या गुरुत्वमध्याभोवती आली आणि तोल सांभाळला गेला. ज्याला सी हॉकमध्ये केवळ जागेची बचत म्हणून पाहिलं होतं, त्यात हूपरला दुसऱ्या विमानाचा गाभा दिसला. या नजरेला मी तरी प्रतिभाच म्हणेन.

हे ध्यानात ठेवून सी हॅरियरच्या डाव्या कुशीशी उभं राहा. पुढचं तोंड आणि मागचं तोंड सारखं नाही. पुढच्या तोंडातून इंजिनाच्या पहिल्या पंख्याने ढकललेली हवा येते. ती तुलनेने थंड. मागच्यातून येतात जळून बाहेर पडलेले तप्त वायू. म्हणून फक्त मागच्या तोंडामागे धडाच्या बाजूला उष्णता झेलणारा पत्रा लावलेला आहे. पुढच्याला तो लागत नाही. माहितीचा फलक न वाचताही कुठला झोत गरम आणि कुठला थंड हे विमानाच्या अंगावरून वाचता येतं. चारही तोंडं एकाच वेळी, एकाच कोनात फिरतात. ती फिरवायला चार वेगळ्या मोटारी आणि त्यांचा मेळ घालणारी यंत्रणा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात इंजिनाच्याच हवेवर चालणारी एक चालकयंत्रणा, तिला जोडलेले दांडे, आणि तोंडांपाशी साखळ्या. सायकलला असते त्याच जातीच्या. एक तोंड अडकलं आणि बाकीची फिरली तर विमान क्षणात उलटेल. दांड्यांनी आणि साखळ्यांनी बांधलेली चार तोंडं वेगवेगळं वागूच शकत नाहीत. ज्या काळात संगणकावर भिस्त ठेवता येत नव्हती, त्या काळातलं हे शहाणपण.

कॉकपिटमध्ये या सगळ्याचं एकच चिन्ह दिसतं. वैमानिकाच्या डाव्या हाताशी प्रत्येक विमानात असतो तो थ्रॉटल, आणि त्याच्या शेजारी आणखी एक दांडा. बस्स. हॅरियर आणि इतर लढाऊ विमानं यांच्यात वैमानिकाच्या हाताला जाणवणारा फरक एवढ्या एका दांड्याचा आहे. तो पूर्ण पुढे असला की चारही तोंडं मागे वळलेली, म्हणजे विमान नेहमीचं विमान. मागे ओढत आणला की तोंडं खाली झुकतात. बरोबर उभ्या झोताच्या जागी एक अडसर आहे, हात तिथे आपोआप थबकतो. तो अडसर ओलांडून आणखी मागे ओढला तर तोंडं उभ्या रेषेच्याही किंचित पुढे, सुमारे ९८ अंशांवर जातात आणि झोतच ब्रेक होतो. आखूड उड्डाणासाठी हवा तो कोन आधीच ठरवून तिथे आणखी एक अडसर लावता येतो, म्हणजे ऐनवेळी कोन मोजत बसायला नको. त्या अडसरावर आपटेपर्यंत दांडा ओढायचा. धोका एकच: दोन दांडे शेजारी, आणि डाव्या हाताने घाईत भलताच ओढला तर? ती चूक होऊ शकत होती, आणि झालीही. पण एका अशक्य वाटणाऱ्या यंत्राची सगळी किल्ली एका साध्या दांड्यात आणून ठेवणं, याहून मोठी अदब वैमानिकाला कुठल्या कारखान्याने दाखवली असेल असं मला वाटत नाही.

पुढची अडचण सूक्ष्म आहे. विमान अधांतरी थांबलं की पंखांवरून हवा वाहत नाही, आणि हवा वाहत नसेल तर शेपटावरच्या आणि पंखांवरच्या पट्ट्या हलवून काही उपयोग नाही. मग नाक वर-खाली, कूस डावी-उजवी करायची कशी? नाकाखाली, शेपटाच्या टोकाशी आणि दोन्ही पंखांच्या टोकांना बारीक फटी शोधा. इंजिनातली दाबाची हवा नळ्यांतून तिथवर आणली आहे. दांडा मागे ओढून तोंडं खाली झुकू लागली की त्या नळ्यांत हवा सुटते, आणि वैमानिक उजव्या हातातली नेहमीचीच काठी हलवतो तसे त्या फटींतून फुत्कार सुटतात. त्याला नवं काही शिकायचं नाही. वेगात असताना पट्ट्या काम करतात, वेग गेला की फुत्कार. मधल्या टप्प्यात दोन्ही, आणि हाताला सांधा कळत नाही. इंजिनाच्या पोटातही असाच एक अदृश्य विचार आहे. हॅरियरच्या पेगॅसस इंजिनात एकात एक दोन फिरते भाग आहेत आणि ते मुद्दाम विरुद्ध दिशांना फिरवले आहेत. दोन्ही एकाच दिशेने फिरले असते तर भोवऱ्याला ढकललं की तो भलत्याच बाजूला झुकतो तसा विमानाचाही घात झाला असता. बाहेरून हे दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. पण अधांतरी थांबलेलं हॅरियर इतकं निवांत का वाटतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी तिथे आहे.

आता काचेसमोर, नाकावर, एक इवलंसं पातं उभं आहे ते पाहा. अनेकांना ती एखादी तुटकी तार वाटते. ते साधं वातदर्शक आहे: वारा समोरून येतोय की बाजूने, एवढंच दाखवतं. कोट्यवधींच्या विमानावर असलं खेळणं कशासाठी? कारण त्या भल्यामोठ्या तोंडांतून प्रचंड हवा आत शिरत असते, आणि सावकाश जाताना ती जरा तिरकी शिरली तर विमान त्या तिरकेपणाला स्वतःहून वाढवत नेतं, कूस वळते, आणि काही क्षणांत सावरण्यापलीकडे जाते. सुरुवातीच्या काळात या दोषाने विमानं आणि माणसं घेतली. उपाय म्हणून पायांखालची पेडल थरथरवून सावध करणारी सोय केली, आणि वैमानिकाची नजर जिथे असते तिथेच, काचेबाहेर, हे पातं उभं केलं. त्याला वीज लागत नाही आणि ते बिघडत नाही. या विमानातली मला सर्वांत आवडणारी वस्तू कुठली असं विचारलंत, तर हे पातं.

पंख खाली का पडले आहेत? हवेतल्या स्थैर्याचं एक कारण आहेच, पण दुसरं कारण पायांत आहे. मधोमध इंजिन आणि चार तोंडं असल्याने नेहमीसारखी दोन्ही बाजूंची चाकं ठेवायला जागा उरली नाही. म्हणून मुख्य चाकं पोटाखाली एका रांगेत, आणि विमान कलंडू नये म्हणून पंखांच्या टोकांना आधाराचे पाय. पंख झुकलेले, म्हणून ते पाय आखूड आणि हलके झाले. पोटाखालच्या दोन तोफांच्या खोळीही अशाच दुहेरी कामाच्या. नौकेच्या डेकजवळ चारही झोत खाली आपटून पसरतात, मधोमध एकमेकांना भिडतात आणि त्यांचं कारंजं उलट पोटावर येतं. दोन खोळींमध्ये ते कोंडलं जातं आणि विमानाला फुकटचा टेकू मिळतो. तोफा काढल्या तर त्यांच्या जागी नुसत्या पट्ट्या बसवतात, पण ती जागा रिकामी सोडत नाहीत.

आणि पाणी. तरंगण्यासाठी इंजिनाने विमानाच्या वजनाहून जास्त जोर द्यायला हवा. सी हॅरियरच्या इंजिनाचा जोर सुमारे पावणेदहा टन, तर पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन त्याहून दोन टनांच्या आसपास जास्त. म्हणजे भरलेलं विमान जागच्या जागी उचललं जाणं शक्यच नाही. 'जंप जेट' हे या विमानाचं टोपणनाव जाहिरातीचं म्हणा हवं तर. उतरताना इंधन संपत आलेलं असतं, शस्त्रं कमी झालेली असतात, तेव्हाच तरंगणं जमतं. त्यातही हवा गरम असली की ती विरळ होते आणि इंजिन दमतं. ब्रिटिश हिवाळ्यात चालणारा हिशेब गोव्याच्या मे महिन्यात चालत नाही. त्यासाठी विमानात सुमारे सव्वादोनशे लिटर शुद्ध पाणी असतं. ते इंजिनात फवारलं की टर्बाइन थंड राहते आणि तेवढा वेळ जास्त जोर काढता येतो. तेवढा वेळ म्हणजे दीड मिनिटाच्या आसपास. उतरण्याची सगळी कला त्या दीड मिनिटात बसवायची.

उड्डाणाचा प्रश्न सोडवला तो मात्र विमानाच्या कारखान्याने नव्हे, ब्रिटिश नौदलातल्या डग्लस टेलर या लेफ्टनंट कमांडरने. त्याने सुचवलं की डेकचं टोक वर वळवा. कल्पना ऐकताना पोरकट वाटते. विमान त्या उतारावरून सुटतं तेव्हा त्याचा वेग उडण्याइतका झालेलाच नसतो, तरी ते फेकलेल्या दगडासारखं वर जात राहतं. तोंडं थोडी खाली झुकलेली असल्याने इंजिन त्याला उचलतही असतं आणि पुढेही ढकलत असतं. दगड खाली यायला लागण्याच्या आत पंखांना पुरेल इतका वेग आलेला असतो. धावपट्टीचा उरलेला भाग जणू हवेतच मिळाला. वर काही बिघडलंच तर वैमानिकाला विमान सोडायला दोन-चार सेकंद जास्त मिळतात, ते वेगळंच. हलणारा एकही भाग नसलेल्या लोखंडी वळणाने एवढं काम करावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्या विराट या विमानवाहू नौकेवर हा उतार १२ अंशांचा होता. विराट म्हणजे आधीची ब्रिटिश हर्मीस. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांच्या युद्धातल्या ब्रिटिश मोहिमेची मुख्य नौका. घरापासून जवळपास तेरा हजार किलोमीटरवर, जवळ एकही मित्र धावपट्टी नाही, दक्षिण अटलांटिकचा हिवाळा, आणि हवाई संरक्षणाची भिस्त हर्मीस आणि इन्व्हिन्सिबल या दोन नौकांवरच्या मूठभर सी हॅरियरवर. त्यांनी शत्रूची वीस विमानं पाडली. हवाई लढाईत स्वतःचं एकही गमावलं नाही. सहा गेली, त्यांतली दोन जमिनीवरच्या माऱ्यात आणि चार अपघातांत. अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजावरून नेलेली विमानं त्या जहाजाच्या डेकवरून सरळ उभी उडाली आणि युद्धनौकांवर जाऊन बसली. त्या युद्धात तोंडं हवेतच वळवून शत्रूला चकवलं, अशा कथा फार रंगवल्या गेल्या. त्यावर विश्वास ठेवू नका. जिंकलं ते वैमानिकांचं शिक्षण, साइडवाइंडर क्षेपणास्त्र आणि खराब हवेतही डेकवर परत येऊ शकणारं विमान यांनी. त्याआधी १९७५ पासून ब्रिटनने मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये हॅरियर ठेवली होती, ग्वाटेमालाला जरब बसावी म्हणून. मधला थोडा काळ सोडला तर ती १९९३ पर्यंत राहिली. लांबच्या देशात मोठी धावपट्टी नसताना चार-सहा विमानं नेऊन ठेवायची आणि नुसत्या असण्याने काम साधायचं, हा या विमानाचा खास स्वभाव.

भारताने मात्र फॉकलंडची कीर्ती ऐकून हे विमान घेतलं नाही. जुलै १९७२ मध्येच दोन आसनी प्रात्यक्षिक विमान घेऊन ब्रिटिश चाचणी-वैमानिक जॉन फार्ली विक्रांतवर उतरून गेले होते. पहिली मागणी नोंदवली १९७९ मध्ये. पहिली तीन विमानं माल्टा, इजिप्त, दुबई असे मुक्काम करत १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीला पोचली आणि त्याच महिन्यात अरुण प्रकाश यांनी पहिलं सी हॅरियर विक्रांतच्या डेकवर उतरवलं. हेच अरुण प्रकाश पुढे नौदलप्रमुख झाले. विक्रांतला तेव्हा उतारही नव्हता. तो नंतरच्या दुरुस्तीत बसवला. मे १९८७ मध्ये विराट नौदलात दाखल झाली. तिचं ब्रीद 'जलमेव यस्य बलमेव तस्य', मराठी कानाला लगेच शिवाजी महाराजांच्या आरमाराची आठवण करून देणारं.

आता ते उतरणं बारकाईने पाहू, कारण या विमानाचं सगळं गाणं तिथे आहे. इतर विमानं डेकवर आपटतात, आकडा तारेत अडकवतात आणि हिसक्याने थांबतात. नौका डोलत असताना ताशी दोनशेहून जास्त किलोमीटरने हे करायचं. सी हॅरियरचे वैमानिक म्हणत, उतरून मग थांबण्यापेक्षा थांबून मग उतरणं बरं. विमान नौकेच्या मागून, डाव्या बाजूने येतं. दांडा टप्प्याटप्प्याने मागे. पंखांचा आधार सुटत जातो आणि झोताचा आधार वाढत जातो. आवाजाची जात बदलते, शिट्टी जाऊन गर्जना येते. नौकेच्या बरोबरीने आल्यावर विमान तिच्या कुशीला समुद्रावर थांबतं. थांबतं म्हणजे नौकेच्या वेगाने पुढे जात राहतं. नौकेवरच्या माणसाला ते थांबलेलं दिसतं. मग वैमानिक एक पंख जरासा झुकवतो आणि विमान आडवं सरकत डेकवर येतं. ठरल्या खुणेवर आलं की पंख सरळ, सरकणं बंद. इथे नवखा माणूस हळुवारपणे उतरवायला जातो आणि फसतो. रेंगाळलं की डेकवरून उलटलेले गरम वायू इंजिनाच्या तोंडात शिरतात आणि नेमक्या त्याच क्षणी जोर घटतो. म्हणून जाणता वैमानिक थ्रॉटल थोडा कमी करून विमान ठामपणे खाली सोडतो. चाकं टेकली की लगेच थ्रॉटल बंद, दांडा पुढे. झोत पुन्हा मागे वळतो आणि मघाशी हवेत उभं असलेलं यंत्र साधं विमान होऊन डेकवरून घरंगळत जाऊ लागतं. या सगळ्यात धांदल कुठेच नाही. पाण्याची टाकी मात्र सेकंदासेकंदाने रिती होत असते.

दोष सांगायलाच हवेत, नाहीतर हे रसग्रहण नसून आरती होईल. पल्ला कमी. वेग ध्वनीच्या आतला. एकच इंजिन, तरंगताना ते बंद पडलं तर आसनासकट बाहेर फेकलं जाण्याशिवाय गती नाही. भारताने घेतलेल्या तीसच्या आसपास विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली आणि त्यांत वैमानिकही गेले. विमान क्षमा करत नाही, असं वैमानिकांच्या भाषेत म्हणतात. हे तर फारच कमी करत असे. ब्रिटनने आपली सी हॅरियर २००६ मध्ये निवृत्त केली. त्यानंतर दहा वर्षं जगात सी हॅरियर लष्करी सेवेत होती ती फक्त भारतात, दाबोळीत. सुट्या भागांची मारामार. तरीही आपल्या लोकांनी त्यात इस्रायली रडार आणि नजरेपलीकडे मारा करणारं डर्बी क्षेपणास्त्र बसवलं. २००७ च्या 'मलबार' या नौदल सरावात बंगालच्या उपसागरात विराटवरची ही विमानं निमिट्झ आणि किटी हॉक या अजस्र अमेरिकी नौकांच्या विमानांबरोबर उडाली. गोव्याला जाणाऱ्या प्रवाशांना तोवर दाबोळीच्या धावपट्टीवर खिडकीतून त्यांचं ओझरतं दर्शन होत असे. ११ मे २०१६ रोजी दाबोळीच्याच हंसा तळावर त्यांना निरोप दिला गेला. पुढच्या मार्चमध्ये विराटही सेवेतून बाहेर पडली आणि २०२० मध्ये अलंगला मोडीत गेली.

याच कोड्याची दुसऱ्यांनी दिलेली उत्तरं पाहिली की हूपरची थोरवी वाढते. रशियनांनी याक-३८ मध्ये मुख्य इंजिनाशिवाय वर उचलण्यापुरती आणखी दोन इंजिनं बसवली. ती उड्डाणात आणि उतरण्यात काही मिनिटं चालायची आणि बाकी सगळा वेळ ओझं म्हणून वाहायची. ज्या नौकांवरून याक-३८ उडत, त्यांतली एक पुढे आपली विक्रमादित्य झाली. कारवारच्या तळावरच्या त्या नौकेचा जन्म जंप जेटसाठीच झाला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आजचं अमेरिकी एफ-३५बी वैमानिकामागे एक आडवा पंखा बसवतं. उतरताना पाठीवरचं झाकण उघडतं, पंखा फिरतो, मागचं तोंड वळतं, आणि सगळा तोल संगणक सांभाळतो. वैमानिकासाठी हे फार सोपं. ध्वनीपेक्षा वेगवान, रडारला चकवणारं. शस्त्र म्हणून सी हॅरियर त्याच्या जवळपासही नाही. पण सरळ उडताना तो पंखाही याकच्या इंजिनांसारखा मुकाट बसून असतो. हॅरियरमध्ये असं निष्क्रिय इंजिन किंवा पंखा नाही. रचना म्हणून माझं मत अजून हॅरियरलाच.

जून २०२५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स या ब्रिटिश नौकेवरचं असंच एक एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरलं आणि बिघाडामुळे पाच आठवड्यांहून जास्त काळ तिथेच अडकलं. केरळच्या पर्यटन खात्याने त्याची गंमतशीर जाहिरात केली, लोकांनी सेल्फी काढले. त्या हशात एक गोष्ट राहून गेली. देशापासून हजारो किलोमीटर दूर, नौकेवर घर करून राहणाऱ्या विमानाचं सगळं दुखणं-खुपणं नौकेवरच बरं करावं लागतं. ती नजरेआड गेली की ते पाहुणं होतं. सी हॅरियरचं इंजिन बदलायचं तर आधी वरचा आख्खा पंख उचलून बाजूला ठेवावा लागे. तेही काम डोलत्या नौकेवर होत असे, आणि ते करणाऱ्या नौसैनिकांची नावं कुठल्याही संग्रहालयात नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच प्रिन्स ऑफ वेल्स भारत-ब्रिटन यांच्या 'कोकण' या नौदल सरावासाठी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि नव्या विक्रांतच्या जोडीने चालली. दोन्ही नौकांच्या डेकचं टोक वर वळलेलं आहे. ब्रिटिश नौकेला त्याची गरज एफ-३५बीसाठी. आपल्याकडे तरंगणारं एकही विमान उरलेलं नाही, तरी विक्रमादित्य आणि विक्रांत दोघींवर टेलरचा उतार आहे. मिग-२९के त्यावरूनच उडतात. जानेवारी २०२२ मध्ये राफेलच्या नौदल आवृत्तीची चाचणी झाली ती हंसा तळावर जमिनीवर बांधलेल्या तशाच उतारावरून, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताने तशी २६ विमानं घेण्याचा करार केला.